ग्रीन कार्ड आहे, पासपोर्ट भारतीय: कॅनडाचा व्हिसा लागेल का?

प्रश्न: आम्ही दोघे न्यू जर्सीत राहतो, ग्रीन कार्डधारक आहोत. आई-बाबा बी-१/बी-२ (पर्यटक) व्हिसावर आलेत. चौघांना नायगाराच्या कॅनडा बाजूला जायचंय. काय लागेल?

उत्तर: तुम्हा दोघांना व्हिसा नको. २६ एप्रिल २०२२ पासून अमेरिकेच्या कायम रहिवाशांना, म्हणजे ग्रीन कार्डधारकांना, कॅनडाच्या ई-टीएचीही (ऑनलाइन प्रवास परवानगीची) गरज नाही, मग विमानाने जा की नायगाराजवळच्या रेनबो ब्रिजवरून गाडीने. मात्र वैध भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड, दोन्ही जवळ हवेत. कार्डाचा फोटो चालत नाही. कार्डावरची तारीख आजच बघा. मुदत संपली म्हणून तुमचा रहिवासाचा हक्क जात नाही, पण सीमेवर पुरावा वैध लागतो, आणि गाडी अडते ती इथेच. लग्नानंतर पासपोर्टवर माहेरचं नाव आणि कार्डावर सासरचं असेल, तर विवाह प्रमाणपत्र सोबत ठेवा.

आई-बाबांचं मात्र वेगळं आहे. अमेरिकेचा व्हिसा असला तरी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा स्वतंत्र व्हिसा लागतो. तो हाती नसेल तर त्यांना पुलापलीकडे नेऊच नका; अमेरिकेच्या बाजूनेही धबधबा अगदी जवळून दिसतो. चौघांनी मिळून परदेशीच जायचं असेल तर मेक्सिको सोयीचं: तिथे ग्रीन कार्ड चालतं, तसाच अमेरिकेचा वैध व्हिसाही.

युरोपच्या शेंगेन देशांत (एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत) ग्रीन कार्डाची सवलत नाही. तिथला व्हिसा प्रवासाआधी सहा महिन्यांपासून मागता येतो; शेवटच्या पंधरा दिवसांवर ठेवू नका.