लोटे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीने मुलाखतीच्या दुसऱ्या फेरीला बोलावलंय, पण धडधड थांबत नाही. काय करू?

कंपनीने पुन्हा बोलावलंय, म्हणजे पहिल्या फेरीत तुम्ही त्यांना पसंत पडलात. दुसऱ्या फेरीला सहसा प्लांट मॅनेजर असतो आणि तो आधीच्याच उत्तरांत खोल शिरतो. म्हणून मागचे आठवतील तेवढे प्रश्न आणि आपली उत्तरं आजच वहीत उतरवा. ‘रिॲक्टरचं तापमान अचानक वाढलं तर?’ याला तेव्हा नुसतं ‘कूलिंग वाढवेन’ म्हणाला असाल, तर आता क्रम सांगता यायला हवा: फीड (आत जाणारा कच्चा माल) आणि स्टीम बंद, कूलिंग पूर्ण चालू, शिफ्ट इनचार्जला खबर, पुढचं एसओपीप्रमाणे, म्हणजे कंपनीने लिहून दिलेल्या कार्यपद्धतीप्रमाणे. वाक्यं मात्र पाठ करू नका, एक शब्द निसटला की सगळंच अडतं. मुद्दे लक्षात ठेवा आणि घरी मोठ्याने बोलून बघा.

धडधडीसाठी, बाहेर बसल्यावर चार मोजत नाकाने श्वास घ्या, सहा मोजत सोडा. दोन-तीन मिनिटं पुरे. उच्छ्वास लांबला की ठोके मंदावतात. भराभर मोठे श्वास घेतलेत तर उलट गरगरेल.

उत्तराआधी दोन सेकंद थांबलात तरी चालतं. पगाराचा आकडा आणि नोटीस पिरियड घरूनच ठरवून जा, बहुतेकांचा आवाज तिथेच पडतो.

चिपळूणहून जाणार असाल तर पावसात परशुराम घाटासाठी अर्धा तास जास्तीचा धरा आणि सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा.