पडद्यावर पाहायचं काय?

प्रश्न : देसाईगंज तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात महिन्यातून एकदा चांगला चित्रपट दाखवतो. झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातलं, नाटक रात्रभर न डुलकता पाहणारे पोट्टे इथं अर्ध्या तासात मोबाईल काढतात. गोडी लावायची कशी?

उत्तर : पोरांना कला कळत नाही असं नाही. त्यांचा डोळा नाटकावर तयार झालेला आहे. रंगमंचावर कुठं पाहायचं ते प्रेक्षक ठरवतो, आवडलं तर वन्स मोअर मागतो. पडद्यावर कुठं आणि किती वेळ पाहायचं हे दिग्दर्शकानं आधीच ठरवून टाकलेलं असतं. हे व्याख्यान देऊन कळत नाही. (आधी पुरस्कारांची यादी वाचून दाखवत असाल तर ती आजच थांबवा, निम्मी झोप तिथंच येते.)

पुढच्या वेळी अख्खा चित्रपट लावूच नका. पाचेक मिनिटांचा एकच प्रसंग तीनदा दाखवा. पहिल्यांदा नेहमीसारखा. दुसऱ्यांदा आवाज बंद ठेवून; शॉट (कॅमेऱ्याचा एक सलग तुकडा) बदलला की सगळ्यांनी टाळी वाजवायची. टाळ्या कुठं भराभर पडतात आणि कुठं हात नुसतेच थांबून राहतात, यावरून प्रसंगाची लय हाताला कळते. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐकायचं.

याला 'फँड्री' (2013) मधला डुक्कर पकडण्याचा भाग उत्तम. धावपळ ऐन रंगात असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि माणसं जागच्या जागी उभी राहतात. प्रसंग फिरतो तो आवाजावर. पुढे पकडलेलं डुक्कर खांद्यावरून नेताना मागच्या भिंतीवर महापुरुषांची चित्रं दिसतात, त्यावर कुणी एक शब्द बोलत नाही. इथं 'गोष्ट काय?' असं विचारू नका. पोरगा गोष्ट सांगतो अन् मोकळा होतो. 'माणसं त्या भिंतीसमोरूनच का नेली असतील?' असं विचारा. उत्तर चुकलं तरी चालेल, शॉट पुन्हा लावून तपासा.

अशा तीन-चार बैठकांनंतर पूर्ण चित्रपट, तोही मराठी आणि दोन तासांच्या आतला. परभाषेतला नंतर. खालच्या भाषांतराच्या ओळी वाचण्यात नजर अडकली की वरचं चित्र निसटतं.

प्रश्न : पांढऱ्या चादरीवर चित्र फिकट येतं, टिनाच्या सभागृहात संवाद कळत नाहीत. वीजही जाते. (जि. यवतमाळ)

उत्तर : एकेरी चादरीतून उजेड आरपार जातो. मागे काळं कापड लावा, किंवा भिंतीला पांढरा डिस्टेंपर मारा. ऑइलपेंट नको, तो चमकतो. उन्हाळ्यात साडेसातच्या आधी बाहेर सुरू करू नका. पडदा आठ फूट रुंद असेल तर पहिली रांग बारा फुटांवर.

आवाज घुमतो तो टिनामुळे आणि रिकाम्या भिंतींमुळे. मागच्या भिंतीवर जाड सतरंज्या टांगा, बास (खालचा, घुमणारा आवाज) कमी करा, स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसलेल्यांच्या कानाच्या उंचीवर ठेवा. लग्नातले डीजेचे बॉक्स संवादाच्या कामाचे नाहीत. ब्लूटूथवर आवाज ओठांच्या मागे पडतो, वायरच जोडा.

विजेसाठी 12 व्होल्ट, 150 एएच (अँपिअर-तास) क्षमतेची चांगली बॅटरी असलेला इन्व्हर्टर घ्या. प्रोजेक्टर आणि स्पीकर मिळून अडीचशे वॅट घेत असतील तर तीनेक तास निघतात.

प्रश्न : परवानगी लागते का? (जि. वर्धा)

उत्तर : लागते. डीव्हीडी किंवा ओटीटीची वर्गणी घरच्यापुरती असते. गावासमोर दाखवायला निर्मात्याची लेखी परवानगी घ्या. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षे चालतो. त्यामुळे प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' (1936) आज मोकळा आहे, आणि नाटकाची सवय असलेल्या गावाला तो दाखवावाच. विष्णुपंत पागनीसांचा शांत तुकाराम आणि गौरी यांची फटकळ आवली एकाच चौकटीत आली की टाळ्या थांबवा, दोघांचे हात काय करतायत तेवढंच पाहायला सांगा.