बिशपांकडे अर्ज करण्याआधी

प्रिय मित्रा,

जय ख्रिस्त. बिशपांना द्यायच्या अर्जाचा तुझा मसुदा दोनदा वाचला. जुन्या लॅटिन मिस्सेची, म्हणजे प्रभुभोजनाच्या जुन्या विधीची, ओढ त्यात खरी आहे, ती पहिल्याच परिच्छेदात जाणवते. पण चार पानांत सात मागण्या आहेत. त्यांतल्या निम्म्यांना बिशपांची परवानगी लागतच नाही, आणि एक तर अशी आहे की ती मान्य करणं आता बहुतांशी त्यांच्याही हातात उरलेलं नाही. सगळं एकाच कागदावर गेलं की एका नकारात सगळंच जातं. म्हणून आधी मागण्या वेगळ्या कर.

जिभेवर आणि गुडघे टेकून कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) घेण्याची मागणी निवेदनातून काढून टाक. तो तुझा हक्क आहे, आणि हक्काच्या गोष्टीची परवानगी मागितली की ती नाकारता येते असा समज आपणच करून देतो. ‘रेदेम्प्सिओनिस साक्रामेन्तुम’ ही रोमची सूचना २५ मार्च २००४ ची. तिच्या ९१ व्या परिच्छेदात म्हटलं आहे की, कुणी गुडघे टेकले किंवा कुणी उभं राहिलं एवढ्याच कारणासाठी त्याला कम्युनियन नाकारता येत नाही. ९२ वा परिच्छेद जिभेवर घेण्याचा हक्क कायम ठेवतो. कोविडच्या काळात बऱ्याच ठिकाणी जिभेवर देणं थांबवलं होतं आणि काही ठिकाणी ती सवय तशीच राहिली. तुमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) तसं असेल तर फादरांना एवढंच विचार, की तो आदेश अजून लागू आहे का आणि असल्यास लेखी बघायला मिळेल का. हे मिस्सेनंतर, सॅक्रिस्टीत (फादर तयारी करतात त्या खोलीत), एकट्यानं जाऊन विचार. रांगेत उभं राहून वाद घातलास तर हक्क तुझ्या बाजूनं असूनही लोक तुझ्या विरोधात जातात, आणि ज्याच्यासाठी गुडघे टेकायचे त्याच्यासमोरच भांडण होतं.

आता आरती. मसुद्यातला हा परिच्छेद सगळ्यात घातक आहे. समई, आरती, अंजली, पंचांग प्रणाम हे सगळं ‘फादरांनी मनानं घुसडलेलं’ असं तू लिहिलं आहेस. ते तसं नाही. भारतीय बिशपांनी मागितलेल्या बारा मुद्द्यांना रोमने २५ एप्रिल १९६९ रोजी मान्यता दिली. गुडघा टेकण्याऐवजी अंजलीसह नमन, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, वेदीवर भाकर-प्याल्याखाली पसरायच्या कापडाऐवजी तबक, शांतीचं अभिवादन हात जोडून, हे सारं त्या यादीत आहे. आरतीच्या जागाही ठरलेल्या आहेत : सुरुवातीला याजकाचं स्वागत करताना, अर्पणाच्या वेळी आणि महाप्रार्थनेच्या, म्हणजे भाकर व द्राक्षरस पवित्र करण्याच्या मुख्य प्रार्थनेच्या, शेवटी. म्हणजे ‘आरती बंद करा’ ही मागणी रोमच्या परवानगीविरुद्धच जाते. परंपरेच्या नावानं लिहिलेल्या अर्जात ही चूक दिसली की पुढचं कुणी गंभीरपणे वाचत नाही.

आरतीबद्दल लिहायचंच असेल तर नेमकं लिही. पवित्रीकरणाच्या मध्येच ती फिरवली जाते का? पवित्र शास्त्रातल्या वाचनाच्या जागी दुसराच मजकूर वाचला जातो का? मान्यता नसलेली महाप्रार्थना म्हटली जाते का? भारतीय महाप्रार्थनेचा प्रयोग रोमने १९७५ मध्येच थांबवला, आणि शास्त्रवाचनाच्या जागी दुसरं वाचन चालत नाही हे २००४ च्या सूचनेतही आहे. अशी तक्रार करायचा अधिकार प्रत्येक कॅथलिकाला आहे (परिच्छेद १८४), पण तिच्यात तारीख, वेळ, चर्च, मिस्सेतलं स्थान आणि प्रत्यक्ष काय झालं एवढंच असावं. ‘मूर्तिपूजा’ हा शब्द एकदाही नको. त्यावर उत्तर देणाऱ्याला तुझी तक्रार बाजूला ठेवून तुझ्या भाषेवरच लिहिता येतं.

इथं एक गोष्ट मनापासून सांगतो. तुझ्या लिहिण्यात परंपरा म्हणजे लॅटिन आणि मराठी म्हणजे तडजोड, असं कुठेतरी गृहीत धरलेलं आहे. चर्चची ट्रेन्टची परिषद १५६३ मध्ये संपली, पोप पायस पाचवे यांनी जुन्या लॅटिन मिस्सेचा ग्रंथ १५७० मध्ये दिला. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर स्टीफन्स गोव्यात उतरले १५७९ मध्ये आणि त्यांच्या मराठी ओव्या छापल्या गेल्या १६१६ मध्ये. वेदीवर तीच लॅटिन मिस्सा करणाऱ्या येशूसंघीय धर्मगुरूनं वेदीबाहेर ज्ञानेश्वरांचा छंद उचलला. ती ओवीही तुझ्या परंपरेचाच भाग आहे. अर्जात हे एका वाक्यात आलं, तर वाचणाऱ्याला कळेल की तू कुणा परदेशी गटाचा मजकूर उतरवून काढलेला नाहीस.

राहिली मुख्य मागणी, १९६२ च्या मिस्साग्रंथाप्रमाणे, म्हणजे जुन्या लॅटिन विधीची, रविवारची मिस्सा. हिचा कायदा नीट समजून घे, कारण बिशपांवरचा तुझा राग इथूनच येतो. पोपच्या २००७ च्या ‘सुम्मोरुम पोन्तिफिकुम’ या आदेशाने ही मिस्सा करणं धर्मगुरूंना बरंच मोकळं केलं होतं. १६ जुलै २०२१ च्या ‘त्रादिशनिस कुस्तोदेस’ या आदेशाने ते मागे घेतलं. आता परवानगी बिशपांची लागते. धर्मग्रामाच्या चर्चमध्ये ही मिस्सा ठेवता येत नाही, वाचनं लोकभाषेत लागतात, आणि नवे गट उभे राहू नयेत याची काळजी बिशपांनी घ्यावी असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. त्या तारखेनंतर दीक्षा झालेल्या धर्मगुरूला परवानगी द्यायची तर बिशपांना रोमला विचारावं लागतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये रोमने आणखी स्पष्ट केलं की धर्मग्रामाच्या चर्चची सूट आणि नव्या धर्मगुरूंची परवानगी या दोन्ही गोष्टी रोमच्याच हातात राहतील.

आपला नाशिक धर्मप्रांत पुण्यापासून वेगळा झाला १९८७ मध्ये. नवीन मिस्सा त्याआधी जवळजवळ अठरा वर्षं, नोव्हेंबर १९६९ पासून लागू होती. २०२१ च्या आधीपासून इथं असा गट चालत होता हे तुला कागदानं दाखवता येत नसेल, तर कायद्याच्या नजरेत तुम्ही नवा गट आहात. बिशपांचा नकार आला तर त्याचा अर्थ त्यांना लॅटिनचा तिटकारा आहे असा होत नाही. त्यांनी हो म्हटलं तर रोमला त्यांनाच उत्तर द्यावं लागेल.

दुसरी अडचण मनुष्यबळाची. हा धर्मप्रांत नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार अशा पाच जिल्ह्यांत पसरलेला आहे. कॅनन ९०५ (चर्चच्या कायद्याचं कलम) प्रमाणे धर्मगुरूनं दिवसाला एकच मिस्सा करायची. गरज असेल तर बिशप दोन आणि रविवारी किंवा सणाला तीनपर्यंत परवानगी देऊ शकतात. वाड्यावस्त्यांवर जाणाऱ्या फादरांचा रविवार त्यातच संपतो. म्हणून कुणी म्हणेल, मग आठवड्यातला दिवस घेऊ. तिथंही अडकतं. डिसेंबर २०२१ च्या रोमच्या खुलाशानुसार, ज्यानं आपल्या नेमणुकीचा भाग म्हणून त्या दिवशी सकाळी चालू विधीची मिस्सा केली आहे त्याला संध्याकाळी १९६२ ची दुसरी मिस्सा करता येत नाही. ‘सकाळची पॅरिशची झाली की फादर संध्याकाळी आमच्यासाठी येतील’ ही तुझ्या मसुद्यातली ओळ याच कारणानं बाद आहे. धर्मग्रामाची जबाबदारी नसलेले, लॅटिन येणारे, तयार असलेले फादर तुला आधी शोधावे लागतील. ते नसतील तर अर्ज थांबव.

फादर मिळाले आणि एखाद्या मठाच्या चॅपलची मठप्रमुखांकडून लेखी संमती मिळाली, तर अर्ज असा कर. दीड पान, त्याहून जास्त नाही. सुरुवातीला तुम्ही कोण : कोणकोणत्या धर्मग्रामातली किती कुटुंबं. मग एकच विनंती : ठिकाण, महिन्यातला कोणता दिवस, किती वाजता, कोणते फादर. वेळ कोणत्याही धर्मग्रामाच्या रविवारच्या मिस्सेवर येऊ देऊ नको. आपली मिस्सा रिकामी होते आहे असं फादरांना वाटलं की त्यांचा विरोध बिशपांपर्यंत तुझ्या अर्जाआधी पोचतो. त्यानंतर स्पष्ट शब्दांत लिही की दुसरी व्हॅटिकन परिषद, नव्या विधीची वैधता आणि पोप व बिशपांचा अधिकार तुम्हाला मान्य आहे. गट हे नाकारत नाही याची खात्री करून घेणं बिशपांना बंधनकारक आहे, म्हणून हे वाक्य नसलेला अर्ज अपुराच. आणि हे वाक्य ज्याला प्रामाणिकपणे लिहवत नाही, त्याची सही घेऊ नको. शेवटी कॅनन २१२ चा उल्लेख कर : आपल्या आध्यात्मिक गरजा धर्मपालांना कळवण्याची मोकळीक प्रापंचिकांना आहे आणि ती आदर राखून वापरायची आहे.

सह्या कमी असल्या तरी चालतील. जे खरोखर येणार त्यांच्याच घे, प्रत्येकापुढे धर्मग्रामाचं नाव लिही. बाळ येशूच्या यात्रेत उभं राहून गोळा केलेल्या पाचशे सह्यांपेक्षा पंचवीस कुटुंबांच्या सह्या वजनदार ठरतात, कारण बिशप हाऊसमधून एखाद्या धर्मग्रामात फोन गेला तर तिथले फादर त्या माणसांना ओळखतात. आपापल्या फादरांना आधी सांग. अर्ज त्यांच्या पाठीमागे गेला असं त्यांना वाटता कामा नये. दोन प्रती ने, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घे. पोच घेतलेली नसली की पुढची सगळी मुदत हवेत राहते.

मुदती अशा. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत उत्तर आलं नाही तर पुढे दाद मागण्यापुरता तो नकार धरला जातो (कॅनन ५७). लेखी नकार आला तर दहा दिवसांच्या आत बिशपांनाच पुनर्विचाराची लेखी विनंती करावी लागते. ही पायरी वगळली की पुढचं दार बंद, आणि बहुतेक लोक इथंच चुकतात. त्यानंतर बिशपांना तीस दिवस. त्यांनी त्या अवधीत पुन्हा नकार दिला किंवा तीस दिवस उत्तराविना गेले, की तिथून पंधरा दिवसांत रोमच्या उपासना विभागाकडे दाद मागता येते. मुंबईच्या आर्चबिशपांकडे जाऊन उपयोग नाही. नाशिक त्यांच्या प्रांतात असलं तरी बिशपांचा असा निर्णय फिरवण्याचा अधिकार त्यांना नाही. दिल्लीतले नुन्सिओ, म्हणजे पोपचे राजदूत, हेही अपिलाचं न्यायालय नव्हेत. पहिल्याच अर्जावर या दोघांना प्रती पाठवायचा तुझा बेत सोडून दे. उत्तर येण्याआधीच तक्रार वर गेली की बोलणं संपतं. आणि खरं सांगायचं तर, वर लिहिलेला कायदा पाहता नव्या गटाच्या बाबतीत रोमकडून वेगळं उत्तर येण्याची आशा मी धरणार नाही.

गटाच्या नावात ‘कॅथलिक’ शब्द परवानगीशिवाय वापरू नको (कॅनन ३००). वेदीच्या वस्त्रांसाठी क्यूआर कोड फिरवून पैसे जमवायला सुरुवात झाली आहे असं लिहिलं आहेस, ते आजच थांबव. धार्मिक कारणासाठी खासगी व्यक्तीनं वर्गणी मागायला लेखी परवानगी लागते (कॅनन १२६५). पैशाचा प्रश्न निघाला की मिस्सेचा प्रश्न मागे पडतो. ट्रस्ट नोंदवून धर्मादाय आयुक्तांकडे जाण्याचा सल्ला कुणी दिला असेल तर तोही ऐकू नको. ते कार्यालय हिशेब आणि विश्वस्त बघतं, मिस्सा कोणत्या ग्रंथाप्रमाणे करायची हे ठरवत नाही.

जुनीच मिस्सा करणाऱ्या संत पायस दहावे संघाच्या चॅपलला जाण्याबद्दल तू विचारलंस. १९८८ मध्ये संघाचे संस्थापक आर्चबिशप लफेव्र यांनी पोपच्या आदेशाविना चार बिशपांचा अभिषेक केला आणि दुरावा तिथून वाढला. २००९ मध्ये त्या चार बिशपांवरची बहिष्कृती उठली. त्यांच्या धर्मगुरूंकडचं पापनिवेदन पोप फ्रान्सिस यांनी वैध ठरवलं, पण म्हणून संघाला चर्चमध्ये कायदेशीर स्थान मिळालं नाही. एका बाजूला बिशपांकडे अर्ज आणि दुसऱ्या बाजूला तिकडे नियमित ये-जा, हे दोन्ही एकत्र चालणार नाही. अर्जातलं मान्यतेचं वाक्य मग कुणी खरं मानणार नाही.

केरळातल्या एर्नाकुलमकडे एकदा बघ. तिथल्या सीरो-मलबार या पौर्वात्य विधीच्या कॅथलिक चर्चमध्ये वाद उलट्या बाजूचा होता. सिनडनं (त्यांच्या बिशपांच्या सभेनं) २०२१ मध्ये अर्धा विधी वेदीकडे तोंड करून करायचा ठरवला, आणि लोकांकडे तोंड करूनच मिस्सा हवी असलेल्या धर्मगुरू आणि प्रापंचिकांनी विरोध केला. २०२२ च्या नाताळाच्या तोंडावर बॅसिलिकात वेदीपाशीच झटापट झाली आणि बॅसिलिका बंद राहिली. दोन्ही बाजूंना आपण उपासनेचं रक्षण करतो असंच वाटत होतं.

या घडीला करता येईल असं बरंच आहे. नव्या विधीची मिस्सा लॅटिनमध्ये करायला धर्मगुरूला वेगळी परवानगी लागत नाही. लोकभाषेतल्या ठरलेल्या मिस्सांच्या वेळा सोडून ती केव्हाही करता येते (२००४ ची सूचना, परिच्छेद ११२). लोकांना आपल्या वाट्याचे भाग लॅटिनमध्ये म्हणता-गाता यावेत, हे तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या दस्तऐवजातच आहे. तुमच्या फादरांकडे महिन्यातला एक शनिवार माग. त्याआधी सहा-आठ जणांनी दीड-दोन महिने, आठवड्यातून पाऊण तास बसा. १९७४ मध्ये पोप पॉल सहावे यांनी सोप्या ग्रेगोरियन गायनाची छोटी पुस्तिका जगभरच्या बिशपांना पाठवली होती, तिच्यातलं ‘सांक्तुस’ आणि ‘आन्युस देई’ आधी घ्या, ‘ग्लोरिया’ नंतर. शब्द देवनागरीत लिहून घ्या, मराठी जिभेला ते जड जात नाहीत. अडतं ते चालीत. आपल्या गायकवृंदाच्या हाती पेटी-तबला आला की सगळं केरव्यात बसतं आणि ते गायन मोडतं. त्याला ताल नाही, शब्दाच्या श्वासाबरोबर ते चालतं. तबला बाजूला ठेवा. पेटीवर सुरुवातीचा सूर घ्या आणि सोडून द्या. वाचनं, प्रवचन आणि कम्युनियननंतरचं भजन मराठीतच राहू दे.

नवा मसुदा एका विनंतीचा करून पाठव. सह्यांचा कागद तोवर फिरवू नको.

तुझा,
ख्रिस्तातला एक वडीलधारा