निवृत्तीनंतर राष्ट्रीय उद्यानाच्या नियामक मंडळावर जाता येते का, आणि जावे का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. निवृत्तीनंतर राष्ट्रीय उद्यानाच्या मंडळावर नेमणूक कशी होते ही पहिली, आणि तिथे गेल्यावर माणसाच्या हातून खरोखर काही होते का ही दुसरी. पहिलीचे उत्तर थोडक्यात देतो, कारण दुसरीने माझी तीन वर्षे घेतली आहेत.

आपल्याकडे राष्ट्रीय उद्यानाला स्वतःचे असे नियामक मंडळ कायद्याने नसते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे उद्यानाचे नियंत्रण मुख्य वन्यजीव रक्षकांकडे असते. उद्यान व्याघ्र प्रकल्पात येत असेल तर मात्र २००६ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३८-एक्सखाली व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान स्थापन होते. त्याच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष वनमंत्री असतात आणि नेहमीचा कारभार क्षेत्र संचालकांच्या अध्यक्षतेखालील कार्यकारी समिती पाहते. मी अशाच एका मंडळावर अशासकीय सदस्य होतो. नेमणूक शासन करते, आणि आपले नाव तिथवर पोहोचायला निवृत्तीआधीची पाच-दहा वर्षे त्या जंगलाशी आपला संबंध असावा लागतो. निवृत्त झाल्यावर जागी झालेली आवड तिथे फारशी उपयोगी पडत नाही.

माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली. पहिल्या बैठकीच्या आधीच्या आठवड्यात मी गाभा क्षेत्रातल्या, म्हणजे जंगलाच्या सर्वांत आतल्या, काटेकोर संरक्षित भागातल्या, एका संरक्षण कुटीवर जाऊन आलो होतो. तिथे दोन वनरक्षक आणि एक रोजंदारीवरचा मजूर राहत होते, पिण्याचे पाणी दुचाकीला दोन्ही बाजूंनी डबे बांधून आणत होते, आणि त्यांतल्या एकाच्या बुटाचा तळ तारेने आवळलेला होता. गस्तीची नोंदवही मात्र इतकी नेटकी होती की ती हातात घेताना मला माझ्याच जुन्या कार्यालयातल्या फायलींची लाज वाटली. त्यानंतर बैठकीत विषयपत्रिकेवर आला तो विषय होता पर्यटन प्रवेशद्वाराच्या सुशोभीकरणाचा. हा निधी आधी कुट्यांच्या पाण्यासाठी वापरावा, असे मी कारणांसह सांगितले. वीस मिनिटे चर्चा झाली, ‘तपासून पाहू’ असे ठरले आणि चहा आला.

सहा आठवड्यांनी इतिवृत्त हाती पडले. त्यात एकच ओळ होती: ‘सदर विषयास सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.’ उपस्थितांच्या यादीत माझे नाव अगदी शुद्ध लिहिले होते. ज्या माणसाने तीस वर्षे इतरांच्या कागदांवर आक्षेप घेतले, त्याचाच आक्षेप कागदावरून असा पुसला जावा, हे मला त्या प्रवेशद्वारापेक्षा जास्त झोंबले, हे मान्य करतो. पुढच्या बैठकीत ‘मागील बैठकीचे इतिवृत्त कायम करणे’ हा विषय पुकारला गेला. तो एरवी खुर्च्या सरकवण्याच्या आवाजातच संपतो. मी तो अडवला आणि आधीच पाठवलेले पत्र वाचून दाखवले. बरीच कुजबुज झाल्यावर माझी असहमती एका वाक्यात नोंदली गेली. प्रवेशद्वार व्हायचे ते झालेच. दोन कुट्यांवर सौरपंप बसले ते पुढच्या वर्षी, आणि ते माझ्यामुळे बसले असा माझा दावा नाही.

माझ्याच वर्षी निवृत्त झालेले आणि नंतर चार-पाच समित्यांवर मिरवलेले माझे एक ज्येष्ठ सहकारी यावर मला अजूनही ऐकवतात की, मानद सदस्याने सही करावी आणि सन्मानाने घरी यावे. शिवाय प्रवेश शुल्क पर्यटक देतो, तर तो पैसा त्याच्या सोयीवर खर्च झाला तर बिघडले कुठे? त्यांना मी समोरासमोर नीट उत्तर देऊ शकलो नव्हतो, म्हणून ते इथे देतो. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनी गाभा क्षेत्रातले पर्यटन जास्तीत जास्त २० टक्के भागापुरते मर्यादित केले. म्हणजे जंगलाचा फार मोठा भाग पर्यटक कधी पाहतच नाही, आणि त्या न दिसणाऱ्या भागात वनरक्षक पायी फिरतो म्हणून दिसणाऱ्या भागात वाघ दिसतो. त्याच्या पाण्यावर केलेला खर्च हा पर्यटकाच्या सोयीवरचाच खर्च आहे. फक्त तिथे कोनशिला बसवता येत नाही. असे बोलणाऱ्याची पुढची नेमणूक होत नाही, हे त्यांचे भाकीत मात्र अचूक ठरले.

तेव्हा जायचे असेल तर जरूर जा, पण विषयपत्रिका आल्याबरोबर आपले मत लेखी पाठवा, त्याची पोच घ्या, आणि बैठकीआधी निदान एक कुटी स्वतः पाहून या. बैठका वर्षातून मोजक्याच होतात; वेळ खातात ती टिपणे आणि अनुपालन अहवाल. कमाई होईल या हिशेबाने तर जाऊच नका.

अधिकाऱ्यांविषयी मी कडवट लिहिले असेल, तर एवढे जोडतो की इतिवृत्त लिहिणाऱ्या लिपिकाकडे आणखी तीन समित्यांचे काम होते आणि ‘सर्वानुमते’ हा शब्द बहुधा मागच्या मसुद्यातून तसाच उतरला असावा. त्यामागे डाव होता असे मी आज म्हणणार नाही. त्या वेळी मात्र म्हणालो होतो, तेही जरा मोठ्याने. आणि उद्यानाच्या परिसरात आपले किंवा आपल्या नातेवाइकांचे रिसॉर्ट, जमीन किंवा सफारीची गाडी असेल, तर हे पद स्वीकारू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.