दिवे लख्ख, तरी सेल्फ नुसता ‘टक्’ करतो? तिसरी बॅटरी घेऊ नका

दादा, तुमची सगळी हकीकत वाचली. 2007 ची डिझेल व्हॅन, आतून राहण्यासाठी तयार केलेली, सांगलीतून जुनी घेतलेली. साताऱ्याजवळ कास पठाराला मुक्काम केला की सकाळी किल्ली फिरवल्यावर सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) ‘टक्’ करून गप्प बसतो. दहा मिनिटांनी कधी लागतो, कधी नाही. आतले दिवे मात्र लख्ख. दोन बॅटऱ्या बदलून झाल्या, आता तिसरी घेऊ का, असं विचारताय. घेऊ नका. तो पैसा राहू द्या आणि व्होल्ट मोजणारा एक साधा मल्टिमीटर आणा.

दिवे लागतात म्हणजे करंट येतोय, ही समजूत आधी सोडा. आतला एलईडी दिवा अर्धा अँपिअरही खात नाही. डिझेल इंजिन फिरवायला सेल्फ 200 अँपिअर आणि त्याहून जास्त ओढतो. वाटेत कुठे सांधा गंजला आणि तिथं फक्त 0.02 ओहमचा अडथळा तयार झाला, तर दिव्याला तो जाणवतही नाही. सेल्फला मात्र तिथंच 4 व्होल्टचा फटका बसतो. 12 मधले 4 गेल्यावर तो काय फिरणार? बॅटरी नवी असो की जुनी, सांधा तोच आहे.

मी स्वतः हे भोगलंय. पावसाळ्यात पाटणहून कोयनानगरला जाताना चहाला थांबलो आणि गाडी पुन्हा लागेना. त्याआधी एका गॅरेजात सेल्फ दोनदा खोलला होता, कार्बन आणि बुश नवे घातले होते. दोष निघाला इंजिन आणि चासी (गाडीचा सांगाडा) जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जातो त्या वाटेत. चासी रंगवताना बोल्टखालची जागाही रंगवली होती आणि पट्टी त्या रंगावरच आवळली होती. पॉलिश पेपरने घासून धातू उघडा केला, पट्टी परत आवळली, पहिल्या किल्लीला गाडी लागली. त्या दिवशी बायको-पोरं तीन तास पावसात रस्त्याकडेला होती, म्हणून इतकं कळकळीनं लिहितोय.

आता तुमच्या गाडीचं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन चालू होऊ नये म्हणून डिझेल बंद करणाऱ्या सोलनॉइडची (विजेवर चालणाऱ्या झडपेची) वायर काढलेली. मीटर डीसी व्होल्टवर. अँपिअरवर ठेवून बॅटरीला लावू नका, फ्यूज उडतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 दाखवत असेल तर भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे रिकामी. मग कुणाला तरी किल्ली धरायला सांगा. सेल्फ ओढत असताना बॅटरी 9.6 च्या खाली कोसळली तर बॅटरी दमलीय. पण ‘टक्’ होतानाही ती 12 च्या आसपास राहिली, तर करंट निघतच नाहीये. तुमच्या वर्णनावरून मला हेच दिसतंय.

मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (थिंबलवर, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या पकडीवर नाही, शिशाच्या खांबावरच) आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना 0.2 पर्यंत ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. तसंच पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा जाड बोल्ट: तिथं अर्धा व्होल्ट ही हद्द समजा. दोन्ही बाजू चांगल्या निघाल्या, तरच सेल्फच्या सोलनॉइडकडे (त्याला करंट जोडणाऱ्या स्विचकडे) आणि किल्लीपासून येणाऱ्या बारीक वायरकडे वळा. रस्त्यात मीटर नसेल तर जंपर केबल बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनला लावा. तेवढ्यावर गाडी लागली तर चोर सापडला. सेल्फ मारल्यावर थिंबलला हात लावून बघा. जो गरम लागतो तो खराब.

सांगलीची गाडी म्हणून एक सांगतो. ऑगस्ट 2019 ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती, आणि इशारा पातळी आहे 40. त्या पुरात ही गाडी उभी होती का, हे आधीच्या मालकाला विचारा. पाणी वायरच्या आवरणात शिरतं आणि तांबं आतून काळं-हिरवं पडत जातं. बाहेरून वायर चांगली दिसते. थिंबलजवळ आवरण इंचभर सोलून पाहा. काळं तांबं दिसलं तर घासत बसू नका, केबलच बदला.

मुक्कामानंतरच त्रास होतो, त्यामुळे दुसरीही शंका आहे. व्हॅनमधल्या घराचे दिवे, पंखा आणि इन्व्हर्टर इंजिनच्याच बॅटरीवर आहेत का? इन्व्हर्टरला काही न जोडताही तो 1 अँपिअर खात असेल, तर बारा तासांत 12 अँपिअर-अवर गेले. घरासाठी वेगळी डीप सायकल बॅटरी (पुन्हा पुन्हा खोलवर उतरली तरी टिकणारी) हवी. मध्ये कटऑफ रिले हवा, जो इंजिन चालू असतानाच दोन्ही बॅटऱ्या जोडेल. प्रत्येक बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूजही हवा. राहत्या गाडीत त्यात हयगय नको. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसलं तर बॅटरी भरणारा अल्टरनेटर ठीक.

आणि गाडी लागत नाही म्हणून कासहून साताऱ्याला येताना यवतेश्वरच्या उतारावर सोडून गिअरला टाकायचा विचार कराल, तर नका करू. इंजिन बंद असताना ब्रेकला जोर देणारा बूस्टर एक-दोन दाबांत संपतो, आणि खाली घाट आहे.

उभ्या बॅटरीचा, सेल्फ मारतानाचा आणि दोन्ही बाजूंचा, असे चार आकडे लिहून पाठवा. शक्यतो पहाटे, गाडी गार असताना घ्या.