डेस्कटॉप अचानक सुरूच होत नाही, दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. आता काय करू?

तुमचा प्रश्न वाचला. गुहागरजवळ खाडीच्या काठाला घर, आठ वर्षांचा डेस्कटॉप. परवा रात्री विजा कडाडून वळवाचा पाऊस पडला, लाईट दोन-तीनदा गेली-आली. सकाळी बटण दाबलं तर दिवा नाही, पंखा नाही, कसलाच आवाज नाही. दुकानदाराने फोनवरच निकाल दिला की मदरबोर्ड गेला, नवीन घ्या. आणि आत बाबांच्या आंब्याच्या कलमांचा सात वर्षांचा हिशोब आणि आजीचे फोटो आहेत.

आधी फोटोंचं सांगतो, कारण तुमची खरी काळजी तीच दिसते. हिशोब आणि फोटो मदरबोर्डमध्ये, म्हणजे आतले सगळे भाग जिला जोडलेले असतात त्या मोठ्या पाटीत नसतात, हार्ड डिस्कमध्ये असतात. मदरबोर्ड खरोखरच गेला असला तरी डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की बहुतेक वेळा सगळं जसंच्या तसं मिळतं. म्हणून घाईने काही विकत घेऊ नका. जुनं मशीन 'एक्सचेंज'मध्ये तर अजिबात देऊ नका.

रत्नागिरी जिल्ह्यात दुरुस्तीची कामं करत गावोगाव फिरताना 'मदरबोर्ड गेला' म्हणून सोडून दिलेली कितीतरी मशीनं मी उघडली आहेत. त्यांतल्या बऱ्याच मशीनांत मदरबोर्ड ठणठणीत होता. कुठे एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा गेलेला, कुठे रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी कळकलेली, कुठे नुसतं बटण. फोनवरून कुणालाच हे कळू शकत नाही. वीज भिंतीतून निघून ज्या वाटेने आत जाते, त्याच वाटेने आपण एकेक पाऊल पुढे जायचं. वाट कुठे तुटली ते सापडतंच.

भिंतीपासून सुरुवात करा. त्याच सॉकेटमध्ये टेबल लॅम्प लावून बघा. मग यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड दोन्ही बाजूला काढा आणि कॉम्प्युटरची पिन थेट भिंतीत लावा. घरगुती यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते, आणि काही यूपीएस बॅटरी मेली की लाईट असूनही पुढे वीज सोडत नाहीत. लोक कॉम्प्युटर उघडून बसतात आणि दोष बाहेरच असतो. मॉनिटरची आणि कॅबिनेटची पॉवर केबल बहुधा सारखीच असते, तेव्हा अदलाबदल करून बघा. कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसवर एक छोटा स्विच असतो, तो झाडताना-पुसताना बंद झालेला मी अनेकदा पाहिला आहे. जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० लिहिलेला एक लाल स्विचही असतो. तो २३० वरच असायला हवा, त्याला हात लावू नका.

हे सगळं ठीक असेल तर पिन भिंतीतून काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या आणि मग पुन्हा लावून बघा. लाईट झटक्याने गेली-आली की चांगले एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होऊन बसतात, आणि वीज पूर्ण तोडल्याशिवाय उठत नाहीत. तुमच्याकडे लाईट दोन-तीनदा गेली-आली म्हणता, तर हे नक्की करून बघा. पैसा लागत नाही.

तरीही काही नाही, तर पिन काढून कॅबिनेटची बाजूची पत्र्याची झडप उघडा. आत हात घालण्याआधी आणि कुठलीही केबल काढण्या-बसवण्याआधी दर वेळी पिन भिंतीतून काढायची, हा नियम मोडायचा नाही. आता नुसतं बघा. पालीचं पिल्लू मरून पडलंय का? मुंग्यांनी माती-अंडी आणली आहेत का? सुटा स्क्रू बोर्डवर पडलाय का? मदरबोर्डवरचे नळीसारखे कपॅसिटर वरून फुगलेत का, करपल्याचा वास येतोय का? आपल्याकडे कौलारू घरांत पाल हे अगदी नेहमीचं कारण आहे. ती उबेसाठी एसएमपीएसच्या जाळीतून आत शिरते आणि दोन तारांच्या मध्ये सापडते. खाडीलगतच्या एका रेशन दुकानातलं मशीन याच कारणाने वर्षात दोनदा बंद पडलं होतं.

मग पिन परत लावा आणि आत हात न घालता बघा की बोर्डवर कुठे बारीक दिवा लागतोय का. बऱ्याच बोर्डांवर असतो. नसला तर मागच्या नेटवर्कच्या भोकाजवळचे दिवे किंवा माउसखालचा लाल उजेड बघा. मशीन बंद असतानाही एसएमपीएस बोर्डला ५ व्होल्टची एक जागती वीज देत असतो, त्यावर हे दिवे लागतात. यातलं काही लागलं, तर एसएमपीएस निदान अर्धा तरी जिवंत आहे आणि संशय बटणावर घ्यायचा. समुद्राकाठी या बटणाच्या आतले टेकू गंजतात, दाबलं तरी टेकत नाहीत. बटणाची दोन तारांची बारीक पिन बोर्डावर 'पॉवर स्विच' लिहिलेल्या जागी बसलेली असते. ती काढून शेजारच्या 'रीसेट'ची पिन तिथे लावा आणि रीसेटचं बटण दाबा. मशीन सुरू झालं, तर तुमचा दोष काही रुपयांचा होता.

कुठलाच दिवा नसेल, तर पहिला संशयित एसएमपीएस. तुमच्या वर्णनावरून माझा कौल यालाच आहे. विजा, लाईटचा खेळ आणि सकाळी पूर्ण शांतता, हे त्याचंच लक्षण. हा डबा २३० व्होल्टच्या विजेतून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करतो आणि बाहेरचा प्रत्येक तडाखा आधी स्वतः खातो. तपासायला मोठ्या २४ पिनांची केबल बोर्डपासून काढा, ४ किंवा ८ पिनांची प्रोसेसरची केबल काढा, हार्ड डिस्कची केबल तर आधी काढा. फक्त एखादा कॅबिनेटचा पंखा एसएमपीएसला जोडलेला राहू द्या. पिन भिंतीतून काढलेली असतानाच २४ पिनांच्या केबलमधली एकमेव हिरवी तार आणि शेजारची कुठलीही काळी, यांच्या भोकांत वाकवलेली कागदाची क्लिप घालून जोडा. मग वीज सुरू करा. पंखा फिरला तर एसएमपीएस उठतोय, नाही फिरला तर तो गेला. काही नव्या एसएमपीएसच्या सगळ्याच तारा काळ्या असतात. तिथे अंदाजाने हा प्रयोग करू नका.

पंखा फिरला म्हणजे सगळं बरं असंही नाही. मल्टीमीटर असेल तर पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट मिळायला हवेत. नसेल तर शेजाऱ्यांच्या चालू मशीनचा एसएमपीएस तासभर मागून आणा आणि तोच लावून बघा. माझ्या मते ही सगळ्यांत खात्रीची परीक्षा. गेलेला एसएमपीएस मात्र उघडू नका. त्याच्या आत सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठवलेला असतो आणि पिन काढल्यावरही तो काही वेळ तिथेच राहतो. एक चांगली सूचना एवढीच की नवा घेताना हलका डबा घेऊ नका. ओळखीच्या कंपनीचा घ्या.

आता दुसरी शक्यता. पंखे फिरतात पण स्क्रीन काळी, किंवा मशीन क्षणभर उठून बंद पडतं. तुमच्या प्रश्नात हे नाही, पण एसएमपीएस बदलल्यावर कदाचित इथपर्यंत याल, म्हणून लिहितो. आधी मॉनिटरची केबल नीट बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर ती कार्डालाच हवी. मग रॅम. आणि रॅमवर आल्यावर आपल्या हवेबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकतं, तसंच कॉम्प्युटरच्या आत तांबं कळकतं. खारा वारा खिडकीतून येतो, पंखा तो आत ओढतो आणि मिठाचा अगदी बारीक थर बोर्डवर, रॅमच्या पट्टीवर, स्लॉटमध्ये बसतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं. मिरगापासून नवरात्रापर्यंत आपल्या खिडकीबाहेर तेवढी आर्द्रता जवळजवळ रोजच असते. मग तो कोरडा थर ओला होतो, वीज नको तिथून झिरपते आणि जिथून जायला हवी तिथे हिरवट कळंक धरतो. ज्यांचं मशीन पावसाळी सकाळी उठत नाही आणि दुपारी ऊन पडल्यावर आपोआप उठतं, त्यांना मी हेच कारण सांगतो. मुंबईकरांच्या बंद घरांत तर हे ठरलेलंच. मे महिन्यात नीट चालत होतं ते मशीन गणपतीत उघडतात आणि ते मुकं झालेलं असतं.

यावरचा उपाय कठीण नाही. रॅमच्या दोन्ही बाजूच्या कड्या दाबून ती काढा, सोनेरी दातांवरून शाळेतला साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि कोरड्या फडक्याने पुसा. स्लॉट मऊ ब्रशने झाडा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण उडतात. हिरवं दिसत असेल तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल जुन्या टूथब्रशला लावून घासा, हे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पूर्ण सुकू द्या. दोन रॅम असतील तर एकेक करून लावा. कट् आवाज येऊन कडी बसेपर्यंत दाबा. बोर्डवर नाण्यासारखी बॅटरी दिसेल, सीआर२०३२ नावाची, ३ व्होल्टची. आठ वर्षांत बदलली नसेल तर बदलून टाका. घड्याळ आणि तारीख पुन्हा लावावी लागेल, एवढंच.

धूळ ब्लोअरने उडवणार असाल, तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. जोराच्या हवेने पंखा बेफाम फिरला तर त्याचं बेअरिंग बिघडतं.

ज्यांच्या घरात पुराचं पाणी शिरतं त्यांना वेगळं सांगतो. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी आलं, त्यानंतर माझ्याकडे चिखलाने भरलेली मशीनं आली. ज्यांनी 'चालू होतंय का' म्हणून घरीच बटण दाबलं होतं, त्यांचे बोर्ड करपले होते. ज्यांनी हात न लावता आणली, त्यांतली काही वाचली. भिजलेल्या मशीनला वीज दाखवायची नाही. घाई होते, मला समजतं, पण नाही दाखवायची.

आता डिस्क. मोठ्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क साडेतीन इंची असते आणि तिला १२ व्होल्ट लागतात. नुसती यूएसबी केबल तिला पुरत नाही, वेगळ्या वीजजोडाचा 'साटा टू यूएसबी' अडॅप्टर घ्या. लॅपटॉपला जोडल्यावर विंडोजने 'फॉरमॅट करू का' असं विचारलं तर 'नाही' म्हणा. ४८ अंकी रिकव्हरी की मागितली तर डिस्क कुलूपबंद आहे. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. आणि डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येत असेल तर तत्क्षणी बंद करा, पुन्हा पुन्हा लावून बघू नका. अशी डिस्क डेटा काढून देणाऱ्या तज्ज्ञाकडेच जायला हवी. बाबांचा हिशोब हाती आला की त्याच दिवशी तो दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक ठिकाण घराबाहेरचं.

अर्थिंगचंही बघून घ्या, नाहीतर नवा एसएमपीएसही याच वाटेने जाईल. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर अर्थिंग तुटलं आहे किंवा नावापुरतं आहे. आपला जांभा पाणी धरून ठेवत नाही. अर्थिंगचा मीठ-कोळशाचा खड्डा एप्रिलपर्यंत खडखडीत होतो, आणि विजांचा मोसम नेमका त्यानंतर येतो. उन्हाळ्यात त्यात आठवड्याला घागरभर पाणी ओता आणि वायरमनला न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा. तो एक-दोन व्होल्टच्या आसपास हवा. वीज कडाडायला लागली की भिंतीतली पिन काढाच, पण नेटची तांब्याची केबलही काढा. त्या केबलमधून आलेल्या तडाख्याने बोर्ड गेलेले मी पाहिले आहेत, आणि ते परत आणता आले नाहीत.

हे सगळं करूनही, चांगला एसएमपीएस आणि स्वच्छ रॅम लावूनही मशीन हललं नाही, तर मग मदरबोर्ड किंवा प्रोसेसरवर संशय घ्या आणि दुकानात न्या. जाण्याआधी हार्ड डिस्क काढून घरी कपाटात ठेवा. दुकानदाराला तुमच्या समोर दुसरा एसएमपीएस लावून दाखवायला सांगा. तो नाही म्हणाला, तर मशीन उचलून दुसरीकडे न्या.