कॉर्कला येतेयस, तर आधी पातेल्याचं बोलू

बाय, तुझे प्रश्न वाचले. जूनमध्ये नर्स म्हणून इथे आयर्लंडला, कॉर्कला येणार, नवरा आणि आठ वर्षांचा मुलगा तीन महिन्यांनी मागून. सोबत काय आणू, शाळा कशा आहेत, एकटं वाटतं का, आणि ड्युटीवरून दमून आल्यावर एका भांड्यात होईल असं पोटभरीचं काय करता? परमिट, रजिस्ट्रेशन, रेसिडेन्स कार्ड हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी परत लिहीत नाही. शेवटच्या प्रश्नाने मात्र काल रात्री झोप लागू दिली नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते. तू वसईची, आपल्या ख्रिस्ती लोकांतलीच, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

बीफ स्ट्यू कर. आपल्याकडच्या सणावाराच्या इस्टूसारखा नाही, इथला.

सुपरमार्केटात कापलेल्या बीफची तयार पाकिटं मिळतात. ती घेऊ नकोस, बहुतेक वेळा त्यात चरबी नसलेलं मांस असतं आणि शिजून भुसा होतं. इंग्लिश मार्केटमध्ये जा. १७८८ पासूनचा बाजार आहे, आणि ओल्या फरशीचा नि मासळीचा वास आला की पाच मिनिटं तरी घरी गेल्यासारखं होतं. बुचरकडे ‘शिन’ माग. पायाचं मांस, आरपार पांढऱ्या चिवट शिरा असलेलं. त्या शिराच मंद आचेवर विरघळतात आणि रस्सा ओठाला चिकटेल इतका दाट होतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चरबी पिवळी दिसली आणि मी बुचरला सरळ म्हटलं, हे शिळं आहे. तो चिडला नाही, हसला. गवतावर चरलेल्या गुरांची चरबी पिवळीच असते म्हणाला. मला कसं ठाऊक असणार? मार्च २०१५ ला आपल्याकडे कायदा आला, बैलसुद्धा बंद झाला, तेव्हापासून बीफ म्हणजे म्हशी-रेड्याचं. काळसर मांस, पांढरीशुभ्र चरबी. डोळा त्याला सरावलेला. आई वसईहून माझ्या नालासोपाऱ्याच्या घरी डबा आणायची तेव्हा वर केळीचं पान, त्यावर मेथीची जुडी ठेवायची. तेही म्हशीचंच, कायद्यात बसणारं. तरी जुडी ठेवायची.

असो. किलोभर शिनचे दीड इंचाचे तुकडे कर, कागदाने पुसून कोरडे कर. ओले टाकलेस तर पाणी सुटून उकडतात, भाजत नाहीत. जड बुडाच्या पातेल्यात तेल चांगलं तापव आणि तुकडे थोडे थोडे टाकून तांबूस करून काढ. सगळे एकदम ओतायचा मोह होतो, रात्रपाळीनंतर तर होतोच. ओतू नकोस. त्याच तेलात दोन कांदे, सेलरीचे दोन दांडे, वर दोन चमचे मैदा, आणि मग स्टाउटचा, म्हणजे काळ्या कडवट बिअरचा, अर्ध्या लिटरचा कॅन. कॉर्कमध्ये गिनेसचं नाव काढू नकोस हं, इथली माणसं मर्फीज किंवा बीमिश म्हणतात. बुडाला धरलेलं सगळं खरवडून घे, चव तिथे आहे. मांस परत घाल, बुडेल इतकं गरम पाणी, स्टॉक क्यूब, थाईम, बे लीफची दोन पानं. आपलं तमालपत्र नको, ते वेगळ्या झाडाचं, त्याला दालचिनीचा वास येतो. झाकण ठेवून दीड तास, मध्येच एखादा बुडबुडा यावा इतकीच आच.

मग गाजर, पार्सनिप (पांढऱ्या गाजरासारखं दिसतं), टर्निप. इथे टर्निप म्हटलं की आतून पिवळा, नारळाएवढा कंद हातात देतात, आपला सलगम नव्हे. मूठभर बार्ली मी घालते. बटाटा सर्वांत शेवटी, लाल सालीचा रूस्टर, पिठूळ असतो, लवकर टाकलास तर सापडणार नाही. अजून पाऊण तास. कुकरमध्ये मांस पंचवीस मिनिटांत होतं, मीही करते, फक्त भाज्या नंतर घाल. पहिल्या दिवशी जरा कडवट लागतो. दुसऱ्या दिवशी खा. (आयरिश म्हातारे सांगतील की खरा आयरिश स्ट्यू मटणाचा: मटण, कांदे, बटाटे, बस. बरोबर आहे त्यांचं.)

शेवटी अर्धा चमचा बाटलीचा मसाला, आपण वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवतो तो. नवरा ओरडतो, स्ट्यूचं इंद्याल, आपलं तिखट-आंबट कालवण, करू नकोस म्हणून. घालते.

कागदांबद्दल एकच सांगते, कारण ते कुठल्याच साइटवर नाही. आपली डिमेलो, डिसिल्वासारखी आडनावं. माझ्या जन्मदाखल्यावर ‘डी’नंतर वर टिंब (अपॉस्ट्रॉफी), पासपोर्टवर सगळं जोडून, नर्सिंगच्या सर्टिफिकेटवर मध्ये मोकळी जागा. एका ऑफिसच्या मते या तीन वेगळ्या बायका होत्या. ज्या देशात गल्लोगल्ली ओ’ब्रायन आणि ओ’सलिव्हन आहेत, तिथल्या कॉम्प्युटरला माझं वरचं टिंब कळेना! बँकेला पत्त्याचा पुरावा हवा, घरमालकाला बँकेचा, आणि विजेचं बिल नेमकं टिंबवालीच्या नावाने. चार महिने गेले. निघण्याआधी तिथेच सगळीकडे एकच स्पेलिंग करून घे, हवं तर प्रतिज्ञापत्र कर.

शाळा. मुलगा इथल्या वर्गात रुळेल, आयरिश भाषा शिकेल, घरी तुला चुका दाखवेल. ते सोपं आहे. माझ्या मुलाच्या शाळेत एकदा ‘आपापल्या देशाचं जेवण आणा’ असा दिवस होता. तो तुझ्या मुलाएवढाच होता. मी पहाटे उठून फुगे, आपले तळलेले गोल पाव, तळले आणि इंद्याल दिलं, बीफचं. बाईंनी डब्यावरची माझी चिठ्ठी वाचली आणि सगळ्या वर्गासमोर गोड आवाजात म्हणाल्या, पण इंडियन लोक तर बीफ खात नाहीत ना? डबा टेबलावर मांडलाच नाही. घरी येऊन त्याने विचारलं, मम्मी, आपण खोटे इंडियन आहोत का? मी तेव्हा काय उत्तर दिलं माहीत आहे? हात धू, म्हटलं. त्याला आता सतरावं आहे. मला अजून उत्तर सुचलेलं नाही, आणि शाळेत जाऊन दोन शब्द सुनावले नाहीत याचा राग आजही बाईंपेक्षा स्वतःवर जास्त आहे.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. रेडिओ लावायचा.

आता जे नवऱ्यालाही धड सांगितलेलं नाही ते. पहिल्या हिवाळ्यात माझ्या वॉर्डमध्ये साताऱ्याची एक मुलगी होती. अख्ख्या हॉस्पिटलात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. एका रविवारी ती न सांगता आली, हातात तिळाचे लाडू, संक्रांत होती. गॅसवर स्ट्यू, साडेतीन तासांचा, घरभर वास. तिने विचारलं, काय गं, मस्त वास येतोय? मी म्हटलं, लॅम्ब आहे. ती म्हणाली, मग वाढ ना, सकाळपासून काही खाल्लं नाही.

मी म्हटलं, खालून लागलाय, करपलाय. आणि तिच्यासमोर अख्खं पातेलं ब्राउन बिनमध्ये, ओल्या कचऱ्याच्या डब्यात, ओतलं. मग दोघींनी मॅगी खाल्ली. बीफ आहे म्हटलं असतं तर ती कदाचित ‘बरं, मला नको’ एवढंच म्हणाली असती. कदाचित नसती. ते कळायची संधीच मी तिला दिली नाही. ज्या देशात बुचर उघड्यावर टांगून विकतो, तिथे मी आईची मेथीची जुडी घेऊन आले होते. पुढे ती ऑस्ट्रेलियाला गेली. दर संक्रांतीला मेसेज येतो.

सोबत काय आणू म्हणतेस. मांस आणि दुधाचं काही नको, तूप-पेढेसुद्धा, विमानतळावर काढून घेतात. कुकरच्या दोन जादा रिंगा आण. बाटलीचा मसाला दुहेरी पिशवीत, कपड्यांच्या मधोमध. आगाशीकडची सुकेळी, सुकवलेली केळी, मिळाली तर पाव किलो माझ्यासाठी.

मोठं पातेलं विकत घेऊ नकोस. माझं सात लिटरचं आहे, तुझं सामान लागेपर्यंत घेऊन जा. झाकणाची मूठ सुटलीय, फडक्याने धर.